तीन ठिकाणी

नानांना तुम्ही ओळखताच. लग्नाचे अल्बम डिझाइन करण्यात हयात गेली आणि आता बंद पडलेल्या प्लग-इन्सची, म्हणजे फोटोशॉपला जोडायच्या फिल्टरांची, राखण करतात. बनवणाऱ्या कंपन्या विसरल्या, नाना विसरले नाहीत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "तीन ठिकाणी आहे!" एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी डीव्हीडीवर आणि तिसरी 'घराबाहेर', म्हणजे मेहुणीकडे चकलीच्या डब्यात. उद्या घराला आग लागली तरी फिल्टर वाचले पाहिजेत. काकूंचे दागिने मात्र एकाच कपाटात.

या प्लग-इन्समधलं आराध्यदैवत म्हणजे 'काय्ज पॉवर टूल्स'. फोटोचा कोपरा कागदासारखा दुमडून दाखवणारा 'पेज कर्ल' त्यातलाच.

"कोणी बनवलं हे?"

"काय."

"कोणी, म्हणून विचारतोय."

"अरे, काय! काय क्राउझ. जर्मन माणूस. १९९२ साली."

नव्या ६४ बिट फोटोशॉपला जुनी ३२ बिट प्लग-इन्स चालत नाहीत. म्हणून नानांनी विंडोज एक्सपीचा एक म्हातारा संगणक जिवंत ठेवलाय. त्याला इंटरनेट वर्ज्य. पथ्य मोडलं तर दगावेल म्हणतात. २०१६ साली गूगलने निक कलेक्शन हा प्लग-इन्सचा संच फुकट केला तेव्हा जग खूश झालं. नाना एकटे गंभीर. "फुकट वाटायला लागले की समजावं, घरघर लागली." त्याच रात्री तीन प्रती. पुढच्याच वर्षी गूगलने हात वर केले. पुढे डीएक्सओ कंपनीने तो विकत घेऊन जगवला, पण नाना हा भाग सांगत नाहीत.

'तीन ठिकाणी'चं हे पालुपद घरभर पसरलंय. चष्मे तीन, छत्र्या तीन. तरी पावसात नाना भिजत येतात, कारण तिन्ही छत्र्या तीन ठिकाणी. एकदा एका प्लग-इनच्या तिन्ही प्रती शाबूत निघाल्या, सीरियल नंबरही वहीत सापडला. पण तो नंबर खरा की खोटा हे ज्या सर्व्हरला विचारायचं, तोच कंपनीने बंद केलेला. कुलूप आहे, किल्ली आहे, हो म्हणायला घरमालक नाही. नाना दिवसभर जेवले नाहीत.

आमच्या लग्नाचा अल्बम नानांचाच, २००३ सालचा. प्रत्येक फोटोचा उजवा कोपरा दुमडलेला. बायको म्हणते, कोणीतरी पान उलटायला घेतलं आणि जेवायला निघून गेलं. परवा त्या लग्नाची सीडी बुरशीने खाल्लेली निघाली. निमूटपणे नानांकडे गेलो.

"तीन ठिकाणी आहे!"

हार्ड डिस्क नुसतीच टकटकली. डीव्हीडी गरगरून थांबली. शेवटी मेहुणीकडचा डबा आला. चकलीचा चुरा झटकून नानांनी डिस्क लावली आणि फाइल उघडली. सगळे लेअर जसेच्या तसे. दुमडलेल्या लेअरसमोरचा डोळा त्यांनी मिटला, तसा खालचा मूळ फोटो वर आला.

कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझी आजी. मुलीकडच्यांनी पळवू नयेत म्हणून माझे जोडे मांडीवर घट्ट धरून बसलेली. सगळं जग स्टेजकडे बघत होतं, ही जोड्यांकडे. त्यानंतर वर्षभरातच ती गेली. आणि इतकी वर्षं मी हा फोटो बघत होतो.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "नाना, हिला बाहेर काढायला प्लग-इन लागलंच नाही. मग ही प्लग-इन्स एवढी जपायची कशाला?"

नाना तिसरा चष्मा शोधत होते. "वा! कोपरा परत दुमडायचा असला तर?"

मी माऊस त्यांच्या हातातून काढून घेतला.