हुमल्यांचा सातबारा

जगाला पुढे प्रथिनं कमी पडणार आणि ती किड्यांतून भरून काढावी लागणार, ही वार्ता सिंधुदुर्गात पोचायला जरा उशीरच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ सालीच त्यावर जाडजूड अहवाल काढला होता. माणसं १९०० हून जास्त जातींचे कीटक खातात, आणि गाईला जितका चारा लागतो त्याच्या बाराव्या हिश्श्यात रातकिडा तेवढीच प्रथिनं देतो, असं त्यात म्हटलंय. युरोपने २०२१ मध्ये पिवळ्या अळीला पानावर बसायची परवानगी दिली. सिंगापूरने २०२४ मध्ये एकदम १६ जातींची पंगत बसवली. त्याच वर्षी जानेवारीत ओडिशातल्या मयूरभंजच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या हापूसला ते २०१८ सालचं. म्हणजे कागदोपत्री हापूस आणि मुंगी एकाच इयत्तेत.

पण आमच्याकडे हे पचणं कठीण, असं शहाणी माणसं म्हणतात. मालवणी माणूस किडा खाणार? शिव शिव!

परवा तारकर्लीत एक पर्यटक कुटुंब जेवायला बसलं होतं. गृहस्थांनी कुर्लीचा डेंगा दाढेखाली फोडला, आतलं मांस चोखून काढलं, मग एकेक पाय मोडून त्यातला रस ओढला. कवच, दहा पाय, देठावरचे डोळे, कशाचीही त्यांना किळस नव्हती. एवढ्यात भिंतीवरून एक झुरळ गेलं. त्याला पाय सहाच. गृहस्थ खुर्चीवर चढले आणि मालकाकडे खोलीचे पैसे परत मागू लागले. प्राणिशास्त्रज्ञ सांगतात की कीटक हे कुर्ल्या-कोळंब्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. युरोपात तर कीटकांच्या पाकिटावर इशारा छापावाच लागतो, की कोळंबीची ॲलर्जी असेल त्याला याचीही होऊ शकते. पित्ताच्या गांधींना सोयरीक कळते, आपल्याला कळत नाही. समुद्रातून आला तर पाहुणा, मोरीतून आला तर चप्पल!

आणि सुका जवळा? जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तोच आधार. सुपात पाखडून, तव्यावर परतून, कांदा, ओलं खोबरं आणि दोन सोलं घालून केलेला जवळा खाताना कुणी कोळंबीसारखं त्याचं डोकं काढत बसतं का? मिशा, शेपटी, मोहरीच्या टोकाएवढे काळे डोळे, सगळं भाकरीबरोबर जातं. उद्या हेच कुणी चकचकीत पाकिटात भरून 'अखंड प्रथिन' म्हणून विकलं, तर मुंबईचा चाकरमानी घरपोच मागवेल आणि आईला फोन करून सांगेल, की गावचं सुकं नको पाठवू, वास येतो.

किड्यांचा हा सगळा पुळका कशासाठी, हे मी शेजारच्या काकीला समजावत होतो. पेडवे, तारली अशी स्वस्त मासळी मोठ्या प्रमाणावर फिशमिलला जाते. तिथे तिचं कूट होतं. ते कूट तळ्यातल्या कोळंबीला घालतात. आता समुद्रातली मासळी कमी पडायला लागली म्हणून कोळंबीला अळ्या घालायच्या, आणि जमलं तर माणसांनाही. काकीने पेडव्यांवरच्या माश्या हाकलल्या, म्हणजे भावी प्रथिनंच म्हणायची, आणि सुनावलं, "मेल्या, गाडयेन पेडवे भायर जातत ते आधी थांबव. मगे माका अळये शिकव."

काकीला शाश्वत विकास कळत नाही, हे उघड आहे. पर्यटन जिल्ह्याला मागे राहून चालणार नाही, म्हणून माझा प्रस्ताव हुमल्यांच्या चटणीचा. मयूरभंजची ती मानांकित मुंगी आणि आमच्या कलमांवरचा हुमला एकाच जातीचे. घळ घेऊन आंब्यावर चढलेल्या गड्याला विचारा, तो हुमल्याच्या चवीबद्दल नाही, पण दंशाबद्दल तासभर बोलेल. पानं वाकवून, अळ्यांच्या रेशमाने शिवून हे लोक घर बांधतात आणि झाडावरची कीड फुकट खातात. आम्ही त्यांची घरं जाळतो आणि मग त्याच किडीसाठी औषधाच्या फवारण्या उधारीवर करतो.

योजना अगदी सोपी आहे. अनुदानाच्या अर्जाला सातबारा जोडायचा. आता कलमाखालची जमीन सामाईक. निम्मे हिस्सेदार वारले, त्यांची नावं उतरलेली नाहीत. बाकीचे डोंबिवलीत, आणि एकाचा दावा पडलाय. हुमल्यांचं एक कुटुंब तर चार झाडांवर घरं करतं, चारही वेगळ्या हिश्श्यांत. मग चटणीतला वाटा ठरवायचा कसा? म्हणून आधी मोजणी करून घ्यावी म्हटलं. मोजणीदार आला, कलमाखाली दोन मिनिटं उभा राहिला, मानेवरून हात फिरवत गडग्याबाहेर गेला आणि म्हणाला, आधी हुमले काढा, मग मोजतो.