सुईत औषध कोणतं?

मराठवाड्यात डॉक्टरनं नुसत्या गोळ्या लिहून दिल्या अन् सुई दिली नाही, तर तो डॉक्टर शिकाऊ समजला जातो. नांदेडला आमच्या गल्लीतला माणूस थंडीताप आला की दवाखान्याची पायरी चढतानाच बाही वर सारतो. सलाईन लागली तर घरच्यांचाही जीव भांड्यात पडतो. अशा मुलखात, ज्या सुईत औषधच नसतं ती सुई घेऊन बसणाऱ्यानं काय करावं?

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लातूरला अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे जाणं झालं. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव सुई बघून सासूबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "औषध कोणतं हेच्यात?"

"काहीच नाही, मावशी."

"मग पैसे कशाचे?"

तरी त्या डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेत पडून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कवा टोचायलाव?" डॉक्टर म्हणाले, "टोचून झालं की." त्यावर त्यांचा चेहरा पडला तो पडलाच. दुखलंच नाही तर गुण काय कपाळ येणार!

बाहेरच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी आम्हाला ज्ञान देत होते. अशा बाकावर एक गुरुजी असतातच. त्यांच्या मते ही विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणली. कोटणीस आमच्या महाराष्ट्राचे, त्यामुळे त्यांचा अभिमान आम्हालाही आहे. पण ते शल्यचिकित्सक होते, आणि 1942 साली चीनमध्येच वारले. ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले होते, त्यातलेच कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढं पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि इकडे घेऊन आले. गुरुजींचं दुसरं रत्न म्हणजे चीनमध्ये भूल न देता, नुसत्या सुया टोचून एका अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स काढलं. तो पत्रकार जेम्स रेस्टन, साल 1971. शस्त्रक्रिया रीतसर भुलीचं इंजेक्शन देऊनच झाली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं तेव्हा. त्यानं स्वतः तसंच लिहिलं, पण जगानं गुरुजींसारखंच वाचलं.

आता गुण येतो का? जर्मनीत 1,162 कंबरदुखेकऱ्यांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 2007 साली छापून आले. शास्त्रशुद्ध जागी सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना आराम पडला, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. इथवर अ‍ॅक्युपंक्चरवाले खूश. पण तिसऱ्या गटाला मुद्दाम भलत्याच जागी, वरच्यावर टोचलं होतं आणि त्यांतल्या 44.2 टक्क्यांनाही आराम पडला! म्हणजे हे लातूरच्या गंजगोलाईसारखं झालं. सोळा रस्त्यांपैकी कुठूनही शिरा, गोलाईतच पोचता.

काही उपयोग मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं वर एक बिंदू आहे. तिथं सुई टोचल्यानं, नुसतं दाबल्यानंही फरक पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. आमच्या सौ. नांदेड-लातूर एसटीत तो बिंदू लोह्यापासूनच दाबून धरतात. गुण त्या बिंदूचा की खिडकीच्या जागेचा, हे अजून ठरायचंय. दुसरा उपयोग पायाळू बाळासाठी. आईच्या पायाच्या करंगळीजवळ दवण्याच्या जातीची एक वनस्पती धुमसत धरतात, म्हणजे बाळ फिरतं म्हणे. पुरावा तळ्यात-मळ्यात. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे डागच की!" तसं नाही, ऊब लांबूनच देतात, हे त्यांना पटवेपर्यंत चहा झाला.

जनावरांनाही सुया टोचतात हे कळल्यावर कंधारचे आमचे काका सावरून बसले. त्यांच्या दावणीला लालकंधारी बैल. ते म्हणाले, "हे खरं! बैलाला काय श्रद्धा न् काय अंधश्रद्धा? त्याला गुण आला म्हंजे आलाच."

मी म्हणालो, "काका, पण बैलाचं लंगडणं कमी झालं हे सांगणार कोण? मालक. आणि पैसे मोजलेले असतात मालकानं."

काकांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "मंग आधी मालकालाच टोचा की. बैलाला कशापायी तरास?"