आबाजी जमा आहेत

आमच्या घराण्यात वस्तू जपून ठेवण्याचा रोग पिढीजात आहे. काकीच्या लग्नात आलेल्या चिनी मातीच्या बशा अजून शोकेसमध्ये आहेत, कारण त्या ज्यांच्यासाठी काढायच्या असे मोठे पाहुणे आमच्याकडे अद्याप आलेले नाहीत. आजोबांचं फाउंटन पेन कापसात, आजीचं लुगडं कापराच्या गोळ्यांत आणि पहिला टेलिव्हिजन त्याच्या मूळ खोक्यात. या घरात रोजच्या रोज वापरली जाणारी जुनी वस्तू एकच होती, आणि ती वापरू नये याबद्दल गोव्यातल्या आमच्या अख्ख्या पाळी गावाचं एकमत होतं. ती म्हणजे बापूकाकांचं रिव्हॉल्वर.

ते घरात आलं कसं, याच्या तीन गोष्टी आहेत. मोठ्या आत्याच्या मते ते 1895 च्या राण्यांच्या बंडातलं. त्या वर्षी पणजीतल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं, सत्तरीतले राणे त्यांना मिळाले आणि प्रकरण इतकं चिघळलं की ते निस्तरायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ गोव्यात आला. त्या धामधुमीत आमच्या पणजोबांनी एका पाखल्याच्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजाच्या, कमरेचं हे हत्यार हिसकावलं म्हणे. पणजोबांचा जो एकमेव फोटो आहे त्यावरून त्यांनी आयुष्यात कुणाच्या हातातलं केळंसुद्धा हिसकावलं असेल असं वाटत नाही. धाकट्या काकांची गोष्ट 18 डिसेंबर 1961 ची. पोर्तुगीज डिचोली, शापोरा आणि अस्नोड्याचे पूल उडवून मागे सरले, भारतीय सैन्याची मराठा पॅराशूट पलटण आमच्या शेजारच्या उसगावावरून फोंड्याकडे गेली, आणि त्या गडबडीत कुणा अधिकाऱ्याने कुळागरातल्या विहिरीत टाकलेलं रिव्हॉल्वर गड्याच्या कळशीत आलं. तिसरी गोष्ट आजोबांच्या पेटीतल्या एका पोर्तुगीज कागदावर आहे. त्यात विहीर नाही, बंडही नाही. कुणीतरी ते आजोबांकडे गहाण ठेवलं आणि सोडवलं नाही, इतकंच आहे. हा कागद घरात कुणाला आवडत नाही.

हत्यार मात्र अस्सल. बेल्जियममधल्या लिएज शहरी बनलेलं, आबादी पद्धतीचं. पोर्तुगीज सैन्याने ही जात 1878 मध्ये अधिकाऱ्यांसाठी आणि 1886 मध्ये शिपायांसाठी घेतली. गोवा मुक्तीनंतर भारताचा हत्यार कायदा इथे आला, लायसन्स नव्याने झालं, आणि ‘बनावट’ या रकान्यात कारकुनाने कागदावरून ‘आबादी’ असं उतरवून घेतलं. पुढच्या नूतनीकरणात त्याचं ‘आबाजी’ झालं. बापूंनी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं की नोंद मूळ लायसन्सप्रमाणे बरोबर आहे. तेव्हापासून ते रिव्हॉल्वर आमच्या घरात आबाजी झालं, आणि वयाचा मान म्हणून आम्ही त्यांना अहोजाहो करू लागलो.

आबाजी हातात घेतले की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. मुठीच्या तळाशी एक कडी, दोरी ओवून गळ्यात अडकवायला, म्हणजे घोड्यावरून पडलं तरी हत्यार जमिनीवर पडू नये. मुठीचं लाकूड घामाने काळं झालेलं; किती जणांच्या, देव जाणे. खरी करामत उजव्या अंगाला. तिथे गोळी भरायची छोटी झडप आहे. ती उघडली की चाप आणि घोडा यांचं नातं तुटतं. मग चाप ओढा, चक्री एकेक घर पुढे सरकते, घोडा जागचा हलत नाही. म्हणजे भरता भरता चुकून बार उडायची भीती नाही. त्या काळच्या कारागिराने माणसाच्या वेंधळेपणाचा किती विचार केला होता पाहा. आमच्या मिक्सरला एवढी अक्कल नाही.

फक्त एक अडचण होती. गोळ्या नव्हत्या. या जातीच्या रिव्हॉल्वरला 9.1 मिलिमीटरची गोळी लागते, आणि ती पाळीला, पणजीला किंवा बापूंनी चौकशी केली त्या मुंबईच्या दुकानात कुणी पाहिलेलीही नव्हती. दुकानदाराने विचारलं, “काका, हे चालवायचंय की विकायचंय?” बापू म्हणाले, “न्यायचंय.” “कुठे?” “बागायतीत. रोज.”

आणि ते खरोखरच न्यायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चामड्याचा पट्टा आणला होता, त्याला गावच्या चांभाराकडून म्यान शिवून घेतलं. सकाळी पेज जेवून, कमरेला एका बाजूला आकडीत कोयता, दुसऱ्या बाजूला आबाजी, खाली पंचा आणि वर गंजीफ्रॉक, या वेषात बापू कुळागराकडे निघाले की खाणीचे टिपरसुद्धा हॉर्न न वाजवता बाजूला थांबत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पंचा नेसत असता तर असाच दिसला असता.

शत्रू म्हणजे माकडं. केळी, शहाळी, कोवळ्या सुपाऱ्या, काही सोडत नाहीत. पहिल्या दिवशी बापूंनी म्यानातून आबाजी काढून नेम धरला आणि कळप चारी दिशांना पांगला. बापूंनी हा विजय संध्याकाळी देवळासमोर चार जणांना सांगितला. आठवड्याभराने कळप फणसावर बसून बघत राहिला. बापूंनी चाप ओढला, “खट्” झालं. एका हुप्प्याने डोकं खाजवलं. आबाजींकडे गोळी नाही हे पाळीत सगळ्यात आधी माकडांना कळलं. माणसांना कळायला पुढची वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत बापूंशी हद्दीवरून कुणी भांडलं नाही, पाटाचं पाणी कुणी तोडलं नाही आणि आमच्या वाड्यावर एकही चोरी झाली नाही.

बापूंकडे खरं शेतीसंरक्षणाचं हत्यार वेगळंच होतं, ठासणीची बंदूक. तिला दारू ठासा, वात लावा, रानडुक्कर तोवर अर्धा मळा उकरून घरी जातं. शिवाय लायसन्स शेतीसंरक्षणाचं असलं तरी 1972 चा वन्यजीव कायदा डुकराच्या बाजूने उभा, आणि मोराला तर पहिल्या अनुसूचीचं कवच. तेव्हा तिचा उपयोग एवढाच, हवेत बार काढायचा आणि डुकराला वेळ कळवायची. बापू तिला भिंतीवर टांगून ठेवत. “ही दाखवायची बंदूक,” ते म्हणत, “आणि आबाजी वापरायचे.”

गोव्याला बंदुकीचं कौतुक नवं नाही. अल्बुकर्कने 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका बनवतात. शिगम्यात डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी निघते तेव्हा कमरेला लाकडी घोडा बांधून, नंगी तलवार परजत गडी नाचतात, ती तलवार कुणाच्या शोकेसमधून येत नाही, घरातून येते. दसऱ्याला आमच्याकडे आदोळी (विळी), कोयता, पहार, चुलतभावाचा लॅपटॉप आणि आबाजी एका पाटावर बसत. काकी सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावायची. आबाजींच्या नळीत एकदा अक्षत गेली, ती काढायला बापूंनी विणकामाची सुई मागितली आणि घरात दिवसभर अबोला होता.

आता निवडणुकांविषयी. आचारसंहिता लागली की लायसन्सची हत्यारं पोलिसांत जमा करायची, हा रिवाज. आमच्याच गोव्यातल्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरसकट सगळ्यांची हत्यारं मागू नका, छाननी समितीने माणूस पाहून ठरवावं. समितीने बापूंना पाहिलं की नाही माहीत नाही. नोटीस मात्र नेमाने येत राहिली. लोकसभा, विधानसभा, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत. 2007 ला विधानसभा झाली, आबाजी सुटून आले, आणि लवकरच पाळीतच पोटनिवडणूक लागली. पुढे 2012 पासून पाळी मतदारसंघच नकाशावरून गेला, तेव्हा गावात हळहळ झाली, बापू म्हणाले, “एक पोटनिवडणूक वाचली.”

ठाण्यात प्रवेश करताना हवालदार विचारायचा, “कितें बापू, आबाजीक हाडला?” मग पावती. बापूंचा हट्ट असे की पावतीवर ‘चालू स्थितीत’ असं लिहावं. हवालदार विचारी, “गोळी?” “नाही.” “मग चालू कसं?” बापू झडप उघडून चक्री फिरवून दाखवत, दोन शिपाई जमत, कुणीतरी चहा सांगे, आणि लोकशाहीचं काम अर्धा तास थांबे. जमा झाल्यावर बापूंना चैन पडत नसे. गोव्याचा पाऊस, लोखंडी कपाट, गंज चढणारच. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन ते दर सोमवारी ठाण्यात जात, इस्पितळात माणूस ठेवल्यासारखे. 2020 मध्ये तर कहरच झाला. जिल्हा पंचायतीची निवडणूक मार्चमध्ये होती, आबाजी आत गेले, आणि कोरोनामुळे निवडणूक पुढे गेली ती थेट डिसेंबरला. अख्खा देश घरात बंद असताना आमच्या घरातले आबाजी तेवढे बाहेर होते, तेही कोठडीत.

त्या मुक्कामानंतर ते परत आले तेव्हा चक्री फिरेना. म्यानात, पंच्यावर, रोज ओल्या रानात फिरताना त्यांच्या अंगाला गंजाचा ठिपका लागला नव्हता. कारण रोज संध्याकाळी बापू त्यांना पुसत, तेल देत, सहाही घरांत बोट घालून बघत. नऊ महिने सुरक्षित ठेवल्यावर ते आखडले. मला शस्त्रांची आवड नाही, आणि आबाजी भरलेले असते तर मी बापूंच्या शेजारी जेवायलाही बसलो नसतो. पण एवढं मात्र मी पाहिलंय की रोज कमरेला असलेलं हत्यार कुठे आहे, कसं आहे, कागद कधी संपतो, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. जपून ठेवलेल्या हत्याराचा पत्ता कुणालाच नसतो.

चुलतभाऊ वकील आहे. बापूंचं वय पाहून त्याने कायदा उघडला. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार म्यानातच हवं, परजायचं नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि लग्नाबिग्नात आनंदाने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. बापूंचं म्यान होतं, हत्यारं दोन होती आणि आनंदाने बार काढायची सोय नव्हती. म्हणजे सगळं नियमात. “पण बापू,” तो म्हणाला, “लायसन्सच लागणार नाही असं करता येईल. हत्यार जुन्या घडणीचं असेल आणि दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर 45 व्या कलमात सूट आहे. नळी बुजवून घेऊ, रीतसर. मग आबाजी शोकेसमध्ये. नूतनीकरण नको, निवडणूक नको.”

बापूंनी बराच वेळ बशांच्या शोकेसकडे पाहिलं. “म्हणजे चालतंय तोवर गुन्हेगार,” ते म्हणाले, “आणि मोडलं की पुरातन?” चुलतभाऊ म्हणाला, “साधारण तसंच.” “मग माझंही तसंच करा,” म्हणून ते कुळागरात निघून गेले. त्यानंतर घरात हा विषय कुणी काढला नाही.

बापू गेले त्याला आता काही वर्षं झाली. तेराव्याच्या आधीच चुलतभावाने दोन्ही हत्यारं पोलिसांत जमा केली, कारण लायसन्स माणसाचं असतं, घराचं नव्हे. वारसाहक्काने आबाजींना घ्यायला मी अर्ज केला आहे. त्यात ‘हत्यार कशासाठी हवे’ असा रकाना आहे. आत्मसंरक्षण लिहू तर गोळी नाही, शेतीसंरक्षण लिहू तर माकडांना सगळं ठाऊक आहे. मी ‘वापरण्यासाठी’ असं लिहिलं. अर्ज खुलाशासाठी परत आला आहे.

तुमच्या घरी माळ्यावर, पेटाऱ्यात किंवा तांदळाच्या कणगीमागे आजोबांचं असलं काही कापडात गुंडाळून ठेवलेलं असेल, तर त्याची कथा नंतर सांगा. आधी त्याचा कागद शोधा. कागद नसेल तर त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, आधी वकिलाला गाठा. विनापरवाना हत्यार घरात सापडलं तर 2019 पासून निदान दोन वर्षांची कैद आहे, आणि ते बंडातलं होतं की विहिरीतलं, हे तिथे कुणी विचारत नाही.