प्लगइन बसवा हाताने, अवघ्या दोन मिनिटांत!

साहित्य : थ्रीडी माउस एक, माया बसवलेला विंडोज संगणक एक, प्लगइनची झिप फाइल एक, कागद, पेन, आणि स्टुडिओतले बाकीचे लोक जेवायला गेलेले असण्याची वेळ. शेवटची वस्तू ऐच्छिक नाही. आपण फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये टाकतोय हे पाठीमागे उभं राहून सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक स्टुडिओत असतो, आणि दुर्दैवाने त्याचं बरोबर असतं.

वेळ : दोन मिनिटं. सोबतच्या चिठ्ठीवर तसं छापलेलं असतं आणि ते खोटं नाही. ती शेवटची दोन मिनिटं असतात.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. थ्रीडी माउस म्हणजे टेबलावर घट्ट बसलेली एक जाडजूड मूठ. साधा माउस सरकतो. ही मूठ जागची हलत नाही. ती डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली किंचित ढकलायची, शिवाय तिन्ही अक्षांभोवती पिळायची. एकूण सहा चाली. तिचं घराणं मोठं आहे. १९९३ साली कोलंबिया यानातून जर्मन अवकाश संस्थेचा रोटेक्स नावाचा यंत्रहात वर गेला होता. या मुठीची जात त्याच संस्थेतली. संदेश जाऊन उत्तर यायला पाच-सात सेकंद लागत असतानाही जमिनीवरून चालवलेल्या त्या हाताने अवकाशात तरंगती वस्तू पकडून दाखवली. तुमच्या पडद्यावरचा ठोकळा वीतभर अंतरावर आहे. तो हलेल. धीर धरा.

आता माया. हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर १९९८ साली एलियस वेव्हफ्रंटने आणलं आणि २००६ पासून ते ऑटोडेस्ककडे आहे. नाव मात्र आपल्या संस्कृतातलं : जे दिसतं ते तसंच असेल असं नाही. हे वाक्य कागदावर लिहून ठेवा. चौथ्या पायरीला लागणार आहे.

हाताने का बसवायचं, असा प्रश्न पडला असेल. इन्स्टॉलर असतो की! असतो. तो ठरलेल्या जागी ठरलेली आवृत्ती शोधतो, सापडली नाही तरी ‘कार्य सिद्धीस गेले’ असं सांगून लग्नातल्या भटजींसारखा निघून जातो. पुढचा संसार तुमचा.

पायरी पहिली : आवृत्ती बघा.
माया उघडा, हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये जा आणि आवृत्तीचं साल कागदावर उतरवा. ‘मला माहितीये, २०२४ आहे’ असं म्हणणारे निम्म्या वेळा २०२३वर काम करत असतात, कारण डेस्कटॉपवर दोन्हींची चिन्हं शेजारीशेजारी असतात. प्लगइन त्या-त्या आवृत्तीसाठी बांधलेलं असतं. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला चालतो, तसं इथे चालत नाही. झिप उघडून आत नेमक्या सालाचा फोल्डर आहे का ते बघा. त्यात एमएलएल हे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, असलेली फाइल हवी. एसओ शेपटाची लिनक्ससाठी आणि बंडल मॅकसाठी. त्या तुमच्या नव्हेत, कितीही गोड दिसल्या तरी.

पायरी दुसरी : ड्रायव्हर आणि प्लगइन यांत गल्लत करू नका.
ड्रायव्हरमुळे मूठ विंडोजला कळते, प्लगइनमुळे ती मायाला कळते. दुभाषे दोन लागतात. पहिला जागेवर नसेल तर दुसऱ्याला कितीही समजावलं तरी उपयोग नाही. म्हणून आधी ड्रायव्हर बसवा आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या चाचणीत मुठीची हालचाल उमटते का ते पाहा. तिथेच उमटत नसेल तर यूएसबीची वायर तपासा. ती दुसऱ्याच्या संगणकात खोचलेली असू शकते. हसू नका, हे होतं.

पायरी तिसरी : फाइलला घर द्या.
माया बंद करा. खरंच बंद करा. लहान करून खाली टाकलेली माया बंद धरली जात नाही. झिप उलगडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज संशयाचा शिक्का मारून ठेवतं. तिथे अनब्लॉक दिसलं तर त्यावर खूण करा. आता डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा, नावात इंग्रजी अक्षरं, मधे रिकामी जागा नाही, आणि त्यात सालाचा पोटफोल्डर. झिप उलगडून आपली एमएलएल फाइल तिथे ठेवा. ‘नवीन प्लगइन शेवटचं खरंच शेवटचं’ अशी नावं आपण रेंडरसाठी राखून ठेवू. प्रोग्राम फाइल्समध्ये घुसायचा मोह आवरा : तिथे दर पावलाला परवानगी मागावी लागते, आणि पुढे माया काढून टाकली की तिच्याबरोबर आपलं सामानही जाण्याची भीती.

पायरी चौथी : मायाला पत्ता कळवा.
फाइल घरात आली, पण मायाला पत्ता ठाऊक नाही. तो लिहायची वही म्हणजे माया डॉट ईएनव्ही ही साधी मजकुराची फाइल. जागा : डॉक्युमेंट्स, त्यात माया, त्यात सालाचा फोल्डर. फाइल तिथे नसेल तर नोटपॅडमध्ये नवी करा. ओळ एकच : माया_प्लग_इन_पाथ, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता. नाव सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. प्लग आणि इन यांच्यामध्येही अंडरस्कोर आहे. तो विसरलात तर माया तक्रार करणार नाही. ती काहीच करणार नाही. आधीचा एखादा पत्ता असेल तर तो पुसू नका, मधे अर्धविराम टाकून आपला पुढे जोडा.

आता ते वाक्य काढा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ओळ अचूक होती, पत्ता अचूक होता आणि मूठ ढिम्म. तीन तास गेले. ड्रायव्हर दोनदा काढून घातला, वायर बदलली, मुठीला दोन शब्दही सुनावले. चौथ्या तासाला जेवून परतलेल्या एकाने फाइल एक्सप्लोररमध्ये शेपटं दाखवायची सोय चालू केली. नोटपॅडने गुपचूप टीएक्सटी जोडलं होतं. दिसत होतं माया डॉट ईएनव्ही, प्रत्यक्षात होतं माया डॉट ईएनव्ही डॉट टीएक्सटी. शंकराचार्यांना जे सांगायला भाष्यं लिहावी लागली ते नोटपॅडने चार अक्षरांत समजावलं. तुम्ही ती सोय आजच चालू करा आणि तेवढे तास वाचवा.

दुसरी खोड डॉक्युमेंट्सची. काही संगणकांवर हा फोल्डर क्लाउडवर हलवलेला असतो आणि एकाच नावाचे दोन फोल्डर नांदतात. वही एकात, माया दुसऱ्यात. खात्रीचा उपाय असा : माया उघडून एमईएल या तिच्या आज्ञाभाषेच्या ओळीत गेटईएनव्ही ही आज्ञा द्या आणि पुढे अवतरणात माया_प्लग_इन_पाथ हेच नाव टाका. उमटलेल्या पत्त्यांत आपल्या फोल्डरचा पत्ता असेल तर वही वाचली गेली. नसेल तर पायरी चौथी पुन्हा.

पायरी पाचवी : हजेरी घ्या.
मायातला विंडोज मेनू, सेटिंग्ज-प्रेफरन्सेस, प्लग-इन मॅनेजर. यादीत तुमच्या फोल्डरचं नाव आणि त्याखाली फाइल दिसेल. समोर दोन चौकटी : लोडेड आणि ऑटो लोड. पहिली आजच्यापुरती, दुसरी रोजची. फक्त पहिलीवर खूण करून घरी गेलात तर उद्या सकाळी ‘काल चालत होतं’ हे वाक्य तुमच्या तोंडी असेल. नव्या आवृत्त्यांत माया विचारेल, या अनोळखी प्लगइनला आत घेऊ का? फाइल कुठून आणली ते आठवत असेल तरच हो म्हणा.

याच खिडकीत खाली ब्राउझ नावाचं बटण आहे. त्यातून फाइल थेट निवडता येते. म्हणजे चौथी पायरी टाळता आली असती? एकट्या फाइलचं भागतं. तिच्यासोबत स्क्रिप्टा आणि चिन्हांचं बिऱ्हाड असेल तर त्यांचे पत्ते द्यावेच लागतात. शिवाय हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही चौथी पायरी वाचली नसती.

पायरी सहावी : लाल ओळ आली तर.
स्क्रिप्ट एडिटर उघडून इंग्रजी नीट वाचा. ‘स्पेसिफाइड मॉड्यूल’ सापडलं नाही असं म्हणत असेल तर डोळ्यांसमोर असलेल्या फाइलवर चिडू नका. ती आहे. तिला लागणारी दुसरी डीएलएल हरवली आहे, बरेचदा व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम, ते बसवा. मॉड्यूलच्या जागी ‘प्रोसीजर’ हा शब्द असेल तर आवृत्ती चुकल्याचा दाट संशय घ्या आणि पहिल्या पायरीवर परत या. एका शब्दाचा फरक, पण त्यावर अख्खी दुपार अवलंबून असते.

पायरी सातवी : हलवा. हळू.
ठोकळा निवडा आणि मूठ बोटांच्या टोकांनी ढकला. ठोकळा क्षितिजापार गेला तर वेग कमी करा. पुढे ढकलल्यावर मागे आला तर तो अक्ष सेटिंगमध्ये उलटा करा. जग फिरलं आणि ठोकळा जागीच राहिला तर तुम्ही कॅमेरा चालवताय, प्लगइनही चालतंय. बाकीचे लोक जेवून परत येईपर्यंत थोडं खेळून घ्या.

शेवटचं आणि खरं काम कागदावरचं. आवृत्ती, फाइल कुठून आणली, कुठे ठेवली, ईएनव्हीत कोणती ओळ लिहिली आणि तारीख. हा कागद मॉनिटरला चिकटवा. मायाची आवृत्ती दरवर्षी बदलते, वहीचा फोल्डर बदलतो, आणि प्लगइन पुन्हा नवं लागतं. तेव्हा आठवणीवर विसंबू नका, कागद बघा. आणि सुरुवात लोक जेवायला गेल्यावरच करा.