ऑफर क्लब होत नाही

मोटारीच्या शोरूममध्ये माणसाच्या आयुष्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट सवलतीस पात्र ठरते. जुनी गाडी दिली तर एक्स्चेंज बोनस, ती मोडीत काढली तर स्क्रॅपेज बोनस, नोकरी बड्या कंपनीत असली तर कॉर्पोरेट डिस्काउंट, नावावर सातबारा असला तर रूरल ऑफर. घरात त्याच कंपनीची गाडी असेल तर लॉयल्टी बोनस. आणि दुसऱ्या कंपनीची आणून दिली तरी एक्स्चेंजचे पैसे आहेतच. म्हणजे निष्ठेलाही बक्षीस आणि फितुरीलाही! कोरडा राहतो तो पहिलीच गाडी घेणारा, बिनशेतीचा, स्वतःचे छोटे दुकान चालवणारा शहरी माणूस. बाकीचे सगळे मनातल्या मनात बेरीज करू लागतात, आणि आकडा लाखाच्या जवळ पोचतो न पोचतो तोच टेबलापलीकडून अत्यंत अदबीने उत्तर येते, ‘साहेब, ऑफर क्लब होत नाही.’

या मनाईमागे काही तत्त्व असावे असे वाटते, आणि एका ठिकाणी ते आहेही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याबरोबरच्या बैठकीनंतर मोटार कंपन्यांनी जुने वाहन मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या किमतीत दीड टक्का किंवा २० हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती, सोडायचे मान्य केले. एक्स्चेंज आणि स्क्रॅपेज यांपैकी स्क्रॅपेजच मिळेल, हेही त्यात होते. तर्क बिनतोड आहे. एकच गाडी विकायची आणि मोडायचीही, हे जमणार कसे? पण कॉर्पोरेट आणि रूरल यांतली एकच का? बँकेत नोकरी करणाऱ्याच्या नावावर शेत असू नये, असा काही निसर्गनियम नाही. माझ्या मते कारण वेगळे आहे. एकच गाडी दहा जणांना दहा भावांनी विकायची, पण भाव दहा आहेत हे कबूल करायचे नाही, यासाठी सवलतींना ही निरनिराळी नावे आहेत. मनाई त्या नावांना वजन आणते. पाचांतल्या तीन सवलती झगडून मिळवणाऱ्याला आपण किल्ला सर केला असे वाटते. किंमत किती आहे हे विचारायचे मात्र राहून जाते.

या सगळ्या सवलतींचा खिसा एकच असल्याचा पुरावा हिशेबाच्या कागदावरच सापडतो. एक्स्चेंज बोनस ३० हजारांचा असतो आणि जुन्या गाडीची किंमत बाजारापेक्षा बरोबर तेवढीच कमी लावलेली असते. कॅश डिस्काउंट मिळतो, पण ‘विमा आमच्याकडूनच’ या अटीवर. आणि तो विमा बाहेरून घेतला तर पुष्कळदा स्वस्त पडतो. बाहेरून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, फक्त ही ओळ पत्रकात छापायला जागा उरत नाही. ९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के दराने ९९ हजार रस्ता कर बसतो, त्याबद्दलही पत्रक मौन पाळते. डिसेंबरातली सवलत सगळ्यांत घसघशीत, कारण १ जानेवारीला ती कोरी गाडी कागदोपत्री गेल्या वर्षाची होते, आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तेवढेच बरोबर लक्षात ठेवते.

यावर कोणी म्हणेल, की कॉर्पोरेट डिस्काउंटचा भार बहुतेक वेळा मोटार कंपनी उचलते, डीलर नव्हे. मग ते पैसे खरेच नाहीत का? आहेत, आणि ओळखपत्र दाखवून ते जरूर घ्यावेत. सोडून दिल्याने डीलरला पुण्य लागणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग सरळ एकच भाव का लावत नाहीत? तसा लावला तर गिऱ्हाईकच उठून जाईल. दसऱ्याला गाडी घरी आणल्यावर शेजाऱ्याला ‘ठरलेल्या किमतीत घेतली’ असे सांगण्यात काय मजा? ‘पन्नास सोडायला लावले’ हे वाक्य हवे असते, आणि ते पुरवण्याचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो.

म्हणून मी सवलतींची बेरीज करू नये या मताचा आहे. टॅक्स, विमा, हँडलिंग चार्जेस धरून ऑन-रोड किती, त्यातून जुन्या गाडीचे किती वजा, हा एक आकडा दोन शोरूममधून लेखी मागावा. तो मागताच सवलतींची सगळी नावे एकदम गळून पडतात आणि सेल्समन मॅनेजरला विचारायला आत जातो. येताना तो फ्लोअर मॅट फुकट देऊ करतो. ही ऑफर मात्र सगळ्यांबरोबर क्लब होते.