सिंगल का रिटर्न?

कंडक्टर मामांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात ते कंडक्टर नसतील, पोस्टमास्तर असतील, कृषी केंद्रवाले असतील. बाजारात नवी वस्तू आली की आधी स्वतःवर चालवून पाहायची आणि मग कुणी विचारलेलं नसताना निकाल जाहीर करायचा, हे त्यांचं काम. कुणाच्या वाट्याला मिक्सरचा जाणकार येतो, कुणाच्या वाट्याला गुडघ्याच्या तेलाचा. आमच्या जामसांवलीच्या वाट्याला मोठ्या माणसांच्या डायपरचा आला. आणि तो माझा सख्खा मामा निघाला.

परवाच्या शनिवारी नागपूरची एक गाडी मारुतीच्या मंदिराबाहेर थांबली. शनिवार-मंगळवार आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. गाडीतून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले, चार पावलं चालले, थांबले, इकडेतिकडे पाहू लागले. एवढं मामांना पुरतं. नारळाच्या दुकानातल्या स्टुलावरून ते उठले.

"रामराम काकाजी. लाइन मोठी हाये. घालून आले का?"

"चपला गाडीतच काढल्या," काकाजी म्हणाले.

"चपला नाही हो. डायपर."

सून नारळ वाजवून पाहू लागली. मुलाला अचानक फोन आला. काकाजी कळसाकडे बघत राहिले. मामांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाईल इतका, आणि विचारलं, "सिंगल पाहिजे का रिटर्न?"

हे सिंगल-रिटर्न प्रकरण समजावून सांगायला हवं. मामा मध्य प्रदेश राज्य परिवहन निगमात कंडक्टर होते. २००५ साली सरकारने निगम गुंडाळायचं ठरवलं. निगमच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, पण मामांच्या डोक्यातला भाडेतक्ता गेला नाही. पाकिटावर लिहिलेलं 'दहा तास संरक्षण' त्यांना मान्य नाही. "दहा घंटे कोणाचे? माणूस काय घड्याळ पाहून मुतते?" त्यांचं माप एकच, नागपूर-छिंदवाडा रस्ता. सावनेर, केळवद, सातनूरचा नाका, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, उमरानाला आणि छिंदवाडा. सौंसरला घालून बसायचं आणि कुठला थांबा येईपर्यंत पायजमा कोरडा राहतो ते बघायचं. स्वस्तातला चिकटपट्टीवाला रामाकोन्याचा, पुढची हमी नाही. पँटसारखा वर ओढायचा तो घाट चढून उमरानाल्यापर्यंत जातो. छिंदवाड्याला पोचून, लग्नाचं जेवण जेवून, मठ्ठा पिऊन जो सौंसरला कोरडा परत आणतो, तो रिटर्न. एका कंपनीबद्दल त्यांनी वहीत एवढंच लिहून ठेवलंय, 'डेपोतच बंद पडली.' वही म्हणजे जुनी कोरी वेबिलं शिवून केलेली.

चाचणी मागच्या चाकावरच्या सीटवर होते, कारण धक्के तिथे जास्त. निघताना दोन कप चहा, रामाकोन्याला एक. खिडकीजवळ बसून मामा एकाग्र चेहऱ्याने प्रवास करतात. नवख्या कंडक्टरला वाटतं, म्हाताऱ्याला उलटी होणार.

टीव्हीवरच्या जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात त्याचा त्यांना भयंकर राग. "माणूस निळं करते काय?" एकदा त्यांनी अंगणात, तुळशीसमोर, पाच कंपन्यांचे पाच डायपर मांडले आणि मापाने पाणी ओतायला घेतलं. सगळे पास. मग त्यांना शंका आली. त्यांनी पाण्यात मीठ घातलं आणि पुन्हा ओतलं. अर्धेअधिक नापास! हा शोध मामांचा नसला तरी खरा आहे. डायपरच्या पोटात सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट नावाची पांढरी पूड असते. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरते, खाऱ्या पाण्यात मात्र तिची ताकद कितीतरी घटते. आणि माणसाचं पाणी खारटच. त्या दिवशी मामींच्या स्वयंपाकघरातलं मीठ संपलं आणि मामांनी गावात दवंडी दिल्यासारखं सांगितलं की पाकिटावरचे आकडे गोड पाण्याचे असतात.

नातवाच्या मोबाइलवर त्यांना अ‍ॅलन शेपर्ड सापडला तेव्हापासून तर ताळतंत्रच सुटलं. ५ मे १९६१ ला हा पहिला अमेरिकन अंतराळात गेला. प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा, म्हणून लघवीची काही सोयच केलेली नव्हती. पण उड्डाण लांबत गेलं, तो काही तास यानात अडकून पडला, आणि शेवटी परवानगी घेऊन त्याने अंगावरच्या सूटमध्येच काम उरकलं. ही कथा मामा हरिपाठानंतरच्या शांततेत सांगतात. "पंधरा मिनटाची फेरी म्हणून सोय नाही केली. अरे, पण गाडी लेट होते! नासात एक बी कंडक्टर नव्हता, राजा." पुढे नासाने अंतराळवीरांना डायपर दिले, हे त्यांना निगमच्या अनुभवाची दखल घेतल्यासारखं वाटतं.

जगात काहीही घडो, ते याच मापाने मोजतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आम्ही छिंदवाड्यातून निघालो. लोकांनी फटाके फोडले, पुढाऱ्यांनी भाषणं केली. मामांचं विश्लेषण असं : "कलेक्टर ऑफिसले जाचं म्हणजे घाट लागे. आता सपाट रस्ता. पातळवाला चालते." सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला तेव्हा त्यांनी सौंसरच्या मेडिकलवाल्याला पेढे दिले. "सरकारनं एक टप्पा माफ केला." मेडिकलवाल्याने पेढा घेतला आणि नजर चुकवली. या दुकानात डायपर आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत, मग आणखी एका पिशवीत बांधून मिळतो. गिऱ्हाईक दुकान रिकामं होईपर्यंत समोरच्या पानठेल्यावर थांबून राहतं आणि मग येऊन म्हणतं, "ते द्या." मामा तेच पाकीट सायकलच्या कॅरिअरला, छापील बाजू बाहेर ठेवून, भर बाजारातून आणतात. आई म्हणते, हा माझा भाऊ आहे हे सौंसरात कुणाला सांगू नकोस. सौंसरात सगळ्यांना माहीत आहे.

गावकऱ्यांनी मला अनेकदा सांगून पाहिलं, भाचा आहेस तर आवर घाल. मी एकदा म्हणालोही, "मामा, देवाच्या दारात तरी नको." ते म्हणाले, "देवाच्या दारात काय चाललं हाये, पाह्यलं का डोळे उघडून?"

पाहिलं होतं, पण त्यांच्या नजरेने नव्हतं. आमचा मारुती पिंपळाखाली आडवा आहे, झोपलेल्या रूपातला. लांबलांबून लोक येतात. कुणी डोक्यातलं दुखणं घेऊन येतो, कुणी अंगातलं. बाया केस मोकळे सोडून घुमतात, धडधाकट गडी जमिनीवर लोळतात, आणि सोबतचे नातेवाईक येणाऱ्याजाणाऱ्याला सविस्तर सांगतात की कोणत्या विहिरीवरचं, कोणत्या अमावास्येला धरलंय. कुणी हसत नाही. त्याच रांगेत एखादी आजी सकाळपासून पाण्याचा घोट न घेता उभी असते. शिंक आली की डोळे मिटून घेते. लेकीकडच्या बारशालाही ती गेली नाही, कारण बसमध्ये तीन तास निभणार नाहीत. तिला विचारा, ती गुडघे दुखतात म्हणेल. भुताचं नाव दहा जणांत घेता येतं, लघवीचं नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार," मामा म्हणाले, "पांढुर्णा अन् सावरगाव जाम नदीवर एकमेकाचे डोके फोडते. रक्त सांडलं तं मर्द. अन् चार थेंब सांडले तं माणूस घरात कोंडून घेते. अरे, बजरंगबली खुद्द आडवे हायेत, त्यायले कोणी उठ म्हणते का?"

मी गप्प बसलो. पण चिडलेलोच होतो. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा आवाज इतका मोठा असू नये.

दिवाळीच्या आधी आईने दिलेला डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीत एका खाटेवर मामी, आणि दुसऱ्या खाटेवर मामा, उताणे, हातपाय सरळ, डोळे छताला. मला धस्स झालं.

"मामा!"

"चूप. आत्ता सातनूर गेलं. सौंसर याचं हाये."

"घरात पडल्यापडल्या?"

"पडूनच पाहा लागते. बसल्यावर नाही समजत." मान न हलवता ते बोलत होते. "हा नवीन हाये. मांडीपाशी रबर कसं हाये, दोन घंट्यात कुठं दाबते, पाठीखाली गोळा होते का. तिले सांगता नाही येत न, कुठं टोचते ते."

मामींना लकव्याचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा डायपर वापरतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहायचं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला स्वतःला..."

"मले कायचं? माझी टाकी ठणठणीत हाये."

मग उठून त्यांनी मामींची कूस बदलली. दर दोन तासांनी बदलतात, भिंतीवर वेळापत्रक लावलंय, गाड्यांचं असतं तसंच, येणारी-जाणारी. पाठीला उशी दिली, चादरीची सुरकुती काढली. कमरेपाशी जुन्या जखमेची बारकी खूण होती. मी तिकडे पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"पहिले लुगड्याच्या घड्या घालत जाओ," ते म्हणाले. "वल्ल्यातच राये ते. मेडिकलपर्यंत जात जाओ मी. गर्दी राये. खाली होईपर्यंत उभा राओ, अन् मग डोकेदुखीची गोळी घेऊन घरी येओ. महिनाभर. तवा हा घाव पडला." मामींचा डावा हात चादरीवर हलला. मामांनी तो चादरीत घातला. "आता एवढ्या गोळ्या हायेत घरात, तुले पाहिजे तं घेऊन जाय."

त्यानंतर मी त्यांना आवर घालायचं सोडलं. आवडायला लागले असं नाही. परवाच त्यांनी बारशाच्या पंगतीत बाळाच्या लंगोटावरून जपानची गोष्ट काढली, तिथल्या एका मोठ्या कंपनीचा म्हाताऱ्यांच्या डायपरचा खप पोरांच्या डायपरपेक्षा जास्त झाला ती, आणि समोरच्यांनी बासुंदीची वाटी खाली ठेवली. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या, नियमात लिहिलंय, जाम नदीत टाकला तर नाव घेऊन सांगीन, असं ते सरपंचांना भर सभेत बोलले. ज्यांना ते बोलले त्यांच्या घरचा होता की नाही, देव जाणे, पण तेव्हापासून सरपंचांच्या घरचा अबोला आहे.

आता आमचे बाबा. निवृत्त हेडमास्तर, सौंसरच्या घरी असतात. मेहुण्याचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. मामांनी दारातून "भाऊजी" म्हटलं की बाबा वर्तमानपत्र उघडतात. बाबांनी बाहेर जाणं बंद केलंय. लग्न नाही, मुंज नाही, पेन्शनरांची सभा नाही. गुडघे.

परवा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीची पत्रिका आली, लग्न छिंदवाड्याला. ती त्यांनी दिवसभर टेबलावर ठेवली. रात्री मी दिवा मालवायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या मामाला विचार."

"काय विचारू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "छिंदवाडा. जेवण करून परत."

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या बसस्टँडवर मामा भेटले. मी त्यांना कोपऱ्यात ओढलं, हळूच सांगितलं, वर हात जोडून विनवलं की कुठे बोलू नका. मामांनी मान डोलावली. डोळे पुसले की काय असं मला वाटलं. मग सुटत असलेल्या छिंदवाडा गाडीच्या कंडक्टरला त्यांनी हात केला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "थांब रे! एक चाचणी हाये! हेडमास्तरसाठी!"