जामीनदार कोण?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या घरचं म्हातारं मांजर निराधार व्हायच्या बेतात असलं, की ते प्रकरण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे जातं. 'प्रकरण' हा त्यांचाच शब्द. काकांची अख्खी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्तीनंतर कर्ज मागणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते मांजरं देतात. देतात कसली, अडवतात.

पिल्लांच्या वाटेला काका जात नाहीत. पिल्लाचा फोटो ग्रुपवर पडला की दुपारपर्यंत मागणारे धावतात. मांजर आठ-दहा वर्षांचं आहे म्हटलं की तीच मंडळी दोन बदाम पाठवून पसार होतात. काकांना हे व्यवहार म्हणूनच पटत नाही. "पिल्लू म्हणजे नवा अर्जदार हो! पुढं सोफा फाडेल की पडद्यावर चढेल, काय भरवसा? आणि ही बघा. ११ वर्षांचं रेकॉर्ड. नसबंदी झालेली, लशींचं पुस्तक अपडेट, वाळूच्या ट्रेबाहेर कधी घाण नाही." मग आवाज खाली आणून, "मांजराची ११ म्हणजे माणसाची साठी. बँकेत असती तर यंदाच रिटायर झाली असती."

ही म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आजींची सोनी. तिरंगी भाटी, उजवा कान जरा दुमडलेला, चेहऱ्यावर कायम 'आज कॅश बंद आहे' असा भाव. आजी मुलाकडे न्यू जर्सीला कायमच्या निघाल्या होत्या आणि या वयात सोनीला विमानात घालायला डॉक्टर नको म्हणत होते.

पहिला अर्ज सदाशिव पेठेतून आला. घर उत्तम, माणसं सालस. "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, पण दूधभात भरपूर खाईल," असं म्हणाले आणि बाद झाले. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात. त्याला टॉरिन लागतं, ते मांसामाशातून मिळतं आणि नाही मिळालं तर डोळे नि हृदय दोन्ही कामातून जातात, हे काकांनी त्यांना जिन्यात उभं करून ऐकवलं. दुसऱ्या गृहस्थांना गोदामातल्या उंदरांसाठी मांजर हवं होतं. काकांनी एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः रिटायर झालात ना? मग?"

तिसरं बाणेरचं तरुण जोडपं. दोघंही आयटीतली, सातवा मजला. साइट व्हिजिटला काकांनी मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. आत शिरल्यावर काका चहाला नको म्हणाले आणि थेट गॅलरीत गेले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यात दाबून पाहिला. तिसऱ्या कोपऱ्यात नायलॉन सुटलं आणि अंगठा आरपार सातव्या मजल्याबाहेर गेला. काकांनी तो तसाच बाहेर ठेवला, सगळ्यांना नीट दिसेपर्यंत.

"पण काका, मांजर चार पायांवरच पडतं ना?" मुलानं विचारलं.

"पडतं. चार पायांवर पडतं आणि जबडा फोडून घेतं."

टीपॉयवर कुणीतरी दिलेला लिलीचा गुच्छ होता. लिलीचे परागकण अंगावर पडले नि मांजरानं ते चाटले तरी मूत्रपिंडं बसतात. गुच्छ कचऱ्यात गेला. मग काका गुडघे मोडत पलंगाखाली वाकले. खाली बॅगा ठासून भरलेल्या. "ही लपणार कुठं? नव्या घरात पहिले काही दिवस मांजर लपतंच. एक खोली द्या, जुनं पांघरूण न धुता द्या. वास हेच त्याचं ओळखपत्र." ती मुलगी हे सगळं फोनमध्ये टिपून घेत होती. तिथंच निम्मी मंजुरी झाली असावी, पण काकांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चार पानी फॉर्म पुढं सरकवला. बाळ झालं तर काय, बदली झाली तर काय, घरमालकानं हरकत घेतली तर काय. शेवटचा रकाना नॉमिनी.

"आमच्या जावयाला पाहताना यांनी पगारसुद्धा विचारला नव्हता," काकू म्हणतात. २०२२ साली पुणे महापालिकेनं मांजरालाही परवाना लागेल असं ठरवलं तेव्हा सगळं शहर हसलं. काका मात्र कुठं अर्ज करायचा याची चौकशी करत होते.

सोनी बाणेरला गेली आणि वसुली सुरू झाली. हप्ता म्हणजे दर रविवारी एक फोटो. पहिल्याच आठवड्यात घाबरा फोन आला, पलंगाखालून बाहेरच येत नाही. "येईल. वाटी रिकामी होतेय का ते सांगा. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर यकृतावर येतं, तेव्हा मला नाही, डॉक्टरला फोन करायचा." वाटी रिकामी होत होती. पुढच्या फोटोंत सोनी पलंगावर आणि ती दोघं जमिनीवर गादी टाकून.

आणि मग आजी परत आल्या. बर्फाला, सुनेच्या डिशवॉशरला आणि दिवसभर कुणीच दार न वाजवण्याला कंटाळून. बॅगा उघडायच्या आधी त्या काकांच्या दारात. "माझी सोनी द्या."

काकांनी फॉर्म दिला.

"अहो, ११ वर्षं मी तिचं केलं!"

"ते जुनं खातं. नो ड्यूज देऊन बंद केलंय. वय?"

"७६. माहीत आहे तुम्हाला."

"नॉमिनी?"

इकडे बाणेरची मुलगी फोनवर रडायला लागली होती. काका रात्री उशिरापर्यंत गॅलरीत येरझारा घालताना दिसले. सकाळी त्यांनी तिघांना बसवून निकाल दिला: सोनी आजींकडे, स्वतःच्या ओळखीच्या घरात, जोडपं जामीनदार, रविवारी भेट, आजी आजारी पडल्या तर ताबा बाणेरचा. "आयदर ऑर सर्व्हायव्हर करून टाकू."

आजींनी चष्मा लावून कागद वाचला. "म्हणजे मी गेले की सोनी बाणेरला. आणि सोनी आधी गेली तर?"

काकांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. तो रकानाच नव्हता.

"तर तुम्ही बाणेरला," मुलगीच म्हणाली.

आजींनी सही करायला पेन उचललं, मग थांबल्या. "ती जाळी बसवलीत का नीट?"